आबांचा डावा कान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, ताईला नाही. ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच जमेल. तेही जमेल की नाही, खात्री नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पणजोबा फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले, आजोबा फौजेतच म्हातारे झाले, आणि माझे वडील, आबा, संस्थानच्या तोफखान्यात होते. मी इंटर सायन्सला नाव घातलं तेव्हा किला गेटच्या आमच्या गल्लीत आबांनी घरोघरी पेढे वाटले होते. कुणी भेटलं की म्हणायचे, "आमचा दत्तू तर सायन्सवाला होऊन गेला." मला लाज वाटायची. पण खरं सांगू? आवडायचंही.

त्याच सुमाराची गोष्ट. संस्थान विलीन झालं होतं, मध्य भारत हे नवं राज्य झालं होतं, आणि आता फौजही हिंदुस्थानच्या फौजेत जाणार होती. पण सगळ्यांना घेणार नव्हते. मुरारच्या छावणीत डॉक्टरी तपासणी व्हायची. पास झाला तो नव्या फौजेत, नापास झाला तो घरी. आबांना दुसरं काही येत नव्हतं. तोफ साफ करणं, तोफ भरणं, तोफ डागणं — एवढंच. त्यामुळे त्या दिवसांत घरात दुसरा विषयच नव्हता.

तोफखान्यातली माणसं सलामीच्या वेळी कानांत बोळे घालत. आमच्याकडे ते आई करायची. कापूस तेलात भिजवायचा, थोडं मेण लावायचं, बोटांनी वळायचा. तपासणीच्या थोडे दिवस आधी एक सलामी झाली, आणि आबांच्या डाव्या कानातला बोळा काढताना तुटला. अर्धा हातात आला, अर्धा आतच राहिला.

पलटणीच्या दवाखान्यात गेले असते तर? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल! पण आबा जाणार नव्हते. तपासणीच्या तोंडावर आजाऱ्यांत नाव लागलं की पत्ता कटला, असं सगळे शिपाई म्हणत. म्हणून ते माझ्याकडे आले. अंगणात खाटेवर बसले, डावा कान उन्हाकडे केला आणि म्हणाले, "देख रे जरा. तुम्हाला तर हे सगळं शिकवतात ना कॉलेजात?"

शिकवत होते. कानाची आकृती मी वर्गात फळ्यावर काढली होती — बाहेरची नळी, पडदा, पडद्यामागची तीन हाडं. सरांनी शाबासकी दिली होती. मी आबांना 'मला येत नाही' म्हणू शकलो असतो. इतकं सोपं वाक्य. ते माझ्या तोंडातून निघालं नाही.

ताईची क्रोशाची सुई घेतली. तिच्या टोकाला आकडी असते, कापूस अडकेल, असं मला वाटलं. पहिल्या खेपेला कापूस हलला — पुढे नाही, आत. हे मला कळलं. कळूनही मी थांबलो नाही. आणखी आत घातली. आणि मग सुईच्या टोकाला काहीतरी ताणल्यासारखं लागलं, आणि ते फाटलं. दुधावरची साय चमच्यानं फाटते ना, तसं.

आबांनी मान हलवली असं मी म्हणू शकलो असतो. नव्हती हलवली. ते तोफेजवळ उभे राहावं तसे बसून होते. फक्त खाटेच्या कडेची लाकडी पाटी त्यांनी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली.

सुई बाहेर काढली तर टोकाला रक्त. शेजारी आईची कापसाची टोपली होती. त्यातल्या कापसानं मी सुई पुसली. आबा वळले, माझ्या हातातला तो लाल कापूस बघितला आणि म्हणाले, "हाच का? निघाला?"

मी म्हटलं, "हो आबा. निघाला."

झालं. माझा गुन्हा एवढाच आहे — आणि इतका मोठा आहे. सुई चुकली हे कदाचित कुणी माफ करेलही. पण त्या एका 'हो'मुळे आबा निश्चिंत झाले. नाही म्हटलं असतं तर दुखण्यानं तरी दवाखान्यात गेले असते. मी त्यांना घरी बसवलं.

दुपारी कान ठणकायला लागला, तेव्हा आईनं लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. मी दारात उभा होतो. फाटलेल्या पडद्यातून ते तेल कुठे उतरतंय, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. मी पाणी प्यायला आत गेलो.

मग ताप आला. उशीवर पिवळे डाग पडायला लागले, वास यायला लागला. आबा म्हणायचे, "बोळ्याची जखम आहे, भरून जाईल." तपासणीच्या दिवशी अंगात ताप असताना वर्दी चढवली, आणि मी त्यांच्याबरोबर टांग्यातून मुरारला गेलो.

डॉक्टरांनी दिवा लावून कानात बघितलं, बारीक चिमट्यानं आतून काळपट, कुजका कापूस बाहेर काढला आणि विचारलं, "ये रुई कब से है?"

आबांना नवल वाटलं. मग हसलेच. "एक टुकड़ा और रह गया होगा साहब. आधा तो मेरे लड़के ने निकाल दिया था. साइंस पढ़ता है."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "किससे निकाला?"

"चिमटी से," मी म्हटलं.

"कान में खुद कभी कुछ नहीं डालते, बेटा. मैल अपने आप बाहर आ जाता है. बाकी कुछ फँसे तो हमारे पास लाओ. पहले दिन लाते तो बैठे-बैठे निकल जाता." मग आबांकडे वळून त्यांनी विचारलं, "परदा फटा हुआ है. तोपखाने में हो?"

"जी साहब."

डॉक्टरांनी मान डोलावली. तोफेच्या आवाजानं पडदा फाटतोही. मी तिथेच, हातभर अंतरावर होतो. बोललो असतो तरी आबा पास झाले नसते, हे खरं. पण मी त्यासाठी गप्प नव्हतो. मी माझ्यासाठी गप्प होतो.

आबा घरी आले. पुढे एका शाळेत चौकीदार झाले. डाव्या बाजूनं टांगा आला की त्यांना कळत नाही. एकदा घोड्याचा धक्का लागून पडलेसुद्धा. पाहुणे आले की सांगतात, "कान तर तोफेनं नेला. पण आमच्या दत्तूनं अर्धा बोळा काढलाच होता. हात फार हलका त्याचा." इंटरनंतर मी सायन्स सोडलं. घरी सांगितलं, गणित जमत नाही.

आता मध्य भारतही उरला नाही. सरकारी दप्तरं नव्या राजधानीत, भोपाळला चालली आहेत, आणि मी एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या छोटीनं कानात हरभरा घातला. तिची आई तिला घेऊन रडत आली, तर आबा म्हणाले, "घाबरू नका वहिनी, दत्तू काढून देईल." मी छोटीला सायकलवर बसवलं आणि दवाखान्यात नेलं. परत आलो तर आबांचं तोंड उतरलेलं. "इतकं तर तू करून टाकलं असतंस," म्हणाले. मी म्हटलं, सुई घालणं बरं नसतं. त्याच वेळी पुढचंही सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

परवा संध्याकाळी आबा अंगणात बसले होते. मी जवळ जाऊन बसलो आणि सगळं बोललो — सुई, रक्त, तो 'हो', चिमटी, सगळं. हळू आवाजात, पण एकही शब्द न गाळता. आबा समोर रस्त्याकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो.