वांगणीच्या धवलेरीचा जबाब

ती घटना आठवली की आजही मी मनातल्या मनात एका म्हातारीला सॅल्यूट ठोकतो. खून-दरोड्यांचे तपास पुष्कळ केले, पण लोकांना सांगावंसं वाटतं ते हे, एका चार वर्षांच्या मुलीच्या ताब्याचं प्रकरण.

मी तेव्हा मोखाडा ठाण्याचा प्रभारी होतो. बाजाराचा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे निम्म्या तक्रारी दारूच्या आणि निम्म्या कोंबड्यांच्या. एवढ्यात पोशेऱ्याची एक तरुण बाई भावाला घेऊन आत आली आणि थेट माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, पोर नेली माजी. मी शेतावर होती. आता नवरा सांगतो, कोर्टातला अर्ज मागं घे, मंग पोर देतो. माना पोटगी नको. तू पोर दे."

या भागात साहेबालाही 'तू'च म्हणतात. त्यात अपमान शोधणाऱ्याने इथे बदली घेऊ नये.

हकीकत अशी होती. काही महिन्यांपूर्वी गावच्या पंचांसमोर दोघांचा काडीमोड झाला होता. गवताची काडी मोडली की संसार मोडला, हा तिथला रिवाज. मुलगी आईकडे राहिली. बाईने जव्हारच्या कोर्टात पोटगीचा अर्ज टाकला आणि नवऱ्याचं डोकं फिरलं.

मी तिला म्हणालो, "ताई, अर्ज मागे घ्यायचा नाही. ताबा कोणाला द्यायचा ते कोर्ट ठरवेल, मी नाही. पण मूल लपवून आईचा हात पिरगाळायचा धंदा मी चालू देणार नाही."

नवऱ्याला बोलावलं. वांगणीचा गडी, मोखाड्यात कारकून. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं तोलून मापून.

"साहेब, मुलगी कुठे आहे मला माहीत नाही. आणि मुळात आमचं लग्नच झालेलं नाही. आमच्यात राहतात तसे राहत होतो."

थाप मोठी हुशारीची होती: लग्नच नव्हतं, तर बायकोला पोटगी कसली? वारल्यांमध्ये जोडपी आधी घर मांडतात आणि ऐपत आली की मग लग्न लावतात. कधी कधी आईबापाच्या लग्नात त्यांचीच पोरं नाचत असतात. त्यामुळे 'लग्न राहून गेलं' हे कोणालाही पटावं.

"लग्न नव्हतं, तर पंचांनी काडी कशाची मोडली?" मी विचारलं.

"काडी? कोणी मोडली?"

पंचांना बोलावून एकेकाचा वेगळा जबाब घेतला. सगळ्यांचं उत्तर एकच: लग्न नाही, काडी नाही, नुसती राहिली होती. शब्द तेच, क्रमही तोच. खरं बोलणारी चार माणसं चार तऱ्हांनी बोलतात. एकाला जेवण आठवतं, दुसऱ्याला भांडण. हे पढवलेले पोपट होते. पण संशयावर केस उभी राहत नाही.

दुसऱ्या दिवशी एका जीपवाल्याने खबर दिली. वांगणीच्या वाटेवर एक म्हातारी लहान मुलीला घेऊन उतरली होती आणि मुलगी सारखी आईला हाका मारत होती. वांगणी आमच्या हद्दीबाहेर, म्हणून जव्हार ठाण्याला कळवलं, महिला शिपाई सोबत घेतली आणि निघालो. शेवटचा रस्ता पायीच तुडवावा लागला.

मुलगी म्हातारीच्या मांडीवर बसून नाचणीची भाकर खात होती. म्हातारी कारकुनाची विधवा काकी. मूलबाळ नाही, पुतण्याच्या झोपडीत राहायची, त्याच्याच तांदळावर जगायची. शेजाऱ्यांकडून आणखी एक कळलं. ती धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नाला भटजी लागत नाही. भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहितात, त्यापुढे बसून गाणी म्हणत लग्न लावते ती धवलेरी.

मी आवाज चढवला नाही. दरडावलं की म्हातारं माणूस मुकं होतं.

"काकी, तुमचा पुतण्या म्हणतो त्याचं लग्न झालंच नाही. पंचही तेच म्हणतात."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मंग चौकापुढं बसून मी गाना म्हटला, तो कोनाचा? देवाला बोलावला, तो काय उगाच आला?"

"हे ठाण्यात येऊन सांगाल? नीट विचार करा. तुमचं पोट त्याच्या हातात आहे."

"तांदूळ त्याचा आहे," ती उठत म्हणाली, "गाना माजा आहे. चल, कुठं सांगायचा?"



मुलीलाही सोबत घेऊन ठाण्यात आलो. तिथे काकीने पुतण्या आणि पंचांसमोरच जबाब दिला: मांडव कुठे होता, हळद कोणी लावली, चौक कोणी लिहिला. पुतण्या ओरडला, "काकी, गप बस!"

"काडी मोडली तं लगीन मोडला," ती शांतपणे म्हणाली. "पोर नाय मोडत."

सगळ्यात वयस्कर पंचाने मान खाली घातली. "साहेब, काडी मीच मोडली. यानं सांगितला म्हणून खोटा बोललो."

मग मी कारकुनाला समोर बसवलं. "तुमचं लग्न आणि काडीमोड रिवाजाने होतात, आणि रिवाज सिद्ध झाला की कोर्ट तो मानतं. काडीमोड झालेल्या बाईलाही पोटगी मागता येते. आणि लग्न नव्हतंच म्हणालास, तरी बाप म्हणून मुलीचा खर्च सुटत नाही. आता सांग, कुठे पळतोस?" खिशातलं एक पेन काढून त्याने लिहून दिलं, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडे राहील.

पुढे कोर्टाने मुलगी आईकडे दिली, बापाला भेटीचे दिवस ठरवून दिले आणि पोटगीही लावली.

या प्रकरणाने मला शिकवलं की रिवाज हा कायद्याचा वैरी नसतो. तो नीट जाणणारं माणूस गाठलं, तर तोच कायद्याच्या बाजूने उभा राहतो. आणि हेही कळलं, की साक्षीदार खरं बोलून मोकळा होत नाही. त्या खरेपणाची किंमत मोजणं तिथून पुढे सुरू होतं.

जबाब झाल्यावर काकी आपलं गाठोडं घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली होती. वांगणीकडची जीप भरली, सुटली. ती उठली नाही. त्या घराचं दार आता तिला बंद होतं. बापाकडून लेकीचा हक्क मिळवून देणारं कलम मला माहीत होतं, या म्हातारीसाठी एकही आठवेना.

पोशेऱ्याची बाई मुलीला कडेवर घेऊन बाहेर आली, काकीशेजारी टेकली आणि तिचं गाठोडं तिने स्वतःच्या डोक्यावर ठेवलं.

"ऊठ आई," ती म्हणाली. "पोशेऱ्याची जीप लागलीय."