एकदाणी आणि बेटावरचा मंगळवार

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता पुसट झाल्या, ही मात्र जशीच्या तशी आठवते. आठवली की अजूनही राग येतो, आणि त्यातला निम्मा माझा स्वतःवरच असतो.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी अकोल्यात ठाणेदार होतो. महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसायच्या दिवशी सकाळीच जुन्या शहरातले एक गृहस्थ ठाण्यात आले. सोबत धाकटा भाऊ आणि मागे डोक्यावर पदर घेतलेली बायको. त्यांच्या मुलीने तीन आठवड्यांपूर्वी अमरावतीच्या, दुसऱ्या जातीच्या मुलाशी रजिस्टर लग्न केले होते. दोघेही सज्ञान. 'मर्जीने गेले' असा जबाब तिने तेव्हाच दिला होता, त्यामुळे तो विषय आमच्यापुरता संपला होता.

आता तक्रार चोरीची होती. महालक्ष्मीच्या गळ्यात घालायची सोन्याच्या मण्यांची एकदाणी कपाटातून गेली होती. धाकट्या भावाने, म्हणजे मुलीच्या काकाने, खबर दिली, "काल मंगळवारी दुपारी पोरगी घरातून निघतानी म्या सोता पायली, साहेब."

डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार समोर होता. मी गुन्हा दाखल केला. तासाभरात एका पुढाऱ्याचा फोन आला. "पोरीले एक दिवस ठाण्यात बसवा, आपोआप घरी येते." कोणाला बसवायचे ते मी ठरवतो, असे सांगून फोन ठेवला. मुलीला नोटीस मात्र पाठवली.

चार दिवसांनी नवराबायको हजर झाले. तिच्या आई-वडिलांना आणि काकालाही मी बोलावले होते. मुलगी घाबरून रडेल असा माझा अंदाज होता. ती खुर्ची ओढून बसली. गळ्यात तीच एकदाणी.

"हे पाहा साहेब, हेच ते," काका म्हणाला.

"मंगळवारी कुठे होतीस?" मी विचारले.

"अंदमानले. हनिमूनले गेलो होतो. पूर्ण दिवस सांगतो, लिहून घ्या."

जन्मभर जबाब घेतले, पण तसला एकच. हवालदार लिहीत गेला: सकाळी बोटीने लहानशा बेटावर गेलो. धक्क्यावर आमची नावे लिहून घेतली. आत जंगल होते, आपल्या चिखलदऱ्याहून दाट, झाडांचे शेंडे दिसत नव्हते. चपलेचा पट्टा तुटला म्हणून मी ओल्या पानांवरून अनवाणी चालले. एकदम समोर निळाहिरवा समुद्र आला. नवरा पाण्याला भितो, तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला. मी गळ्यापर्यंत गेले.

हवालदार थांबला. "साहेब, पान्याचा रंग लिवू का?"

"लिवा," मुलगीच म्हणाली. "खालची वाळू दिसे, हेबी लिवा. माह्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता, अन् काकानं त्याच दिवशी मले चोर बनवलं."

बाप खाली बघत होता. आई कान देऊन ऐकत होती.

मी तिथल्या पोलिसांना फोन लावला. धक्क्यावरच्या यादीत मंगळवारी दोघांची नावे होती. मोबाइलमधला फोटोही तिने दाखवला. गळ्याएवढे पाणी, तोंडभर हसू आणि नितळ पाण्यातून चमकणारी एकदाणी. काका पुटपुटला, "दुसरी कोनी असंन मंग." पुतणीला ओळखतो म्हणूनच त्याला साक्षीदार केले होते.

मग बापाला विचारले, एकदाणी सोमवारपर्यंत कपाटात होती हे कशावरून? तेव्हा कळले की तो डबा वर्षातून एकदाच, महालक्ष्म्यांना उघडतो. म्हणजे त्यांनी ती शेवटची पाहिली त्याला वर्ष झाले होते. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

"किल्ली कोणाकडे असते?"

सगळे आईकडे बघायला लागले. महिला पोलिसाबरोबर वेगळ्या खोलीत बोला, असे मी सुचवले.

"वेगळं कायले? इथंच सांगतो." तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "मीच देल्ली. पोरगी घरून निघाली त्या सकाळी मीच तिच्या गळ्यात घातली. माह्या मायनं मले देल्ली, मी माह्या पोरीले देल्ली. यात चोरी कोनं केली?"

"मले इचारलं काहून नाही?" तिचा नवरा हळूच म्हणाला.

"तुमाले कायले इचारू? माही हाय ते."

तक्रार खोटी असल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. काकाची खोटी साक्षही त्यात नोंदवली. पुढाऱ्याचा पुन्हा फोन आला, तेव्हा त्यालाही तो अहवाल वाचून दाखवला. पण फिर्यादीत मालक म्हणून आईऐवजी तिच्या नवऱ्याचे नाव माझ्याच ठाण्यात लिहिले गेले होते. खरी मालकीण दोन हात अंतरावर उभी असताना मी तिला एक शब्द विचारला नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत चोरीच्या प्रत्येक तक्रारीत वस्तू कोणाची, हे मी आधी मागे उभ्या असलेल्या बाईला विचारले.

आईचा जबाब लिहून झाल्यावर हवालदाराने सवयीने कागद तिच्या नवऱ्यापुढे सरकवला. तिने तो ओढून घेतला आणि बोट ठेवत सावकाश वाचला.

"इथं 'घरची एकदाणी' लिवलं हाय. खोडा. 'माही' लिवा."

खोडले. तिने सही केली आणि लेकीकडे वळली.

"आता तो पान्यातला फोटो दाखव बरं. मी समुद्र पायला नाही."