चाकाखालचा गोटा

“कंपाउंड फ्रॅक्चर,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे हाड मोडून, कातडी फाडून बाहेर आलेलं. ते मला दिसतच होतं. पुढचं दिसत नव्हतं.

“हाड जुळेल, बाई. काळजी रक्ताची आहे. सूज वाढून बोटांपर्यंत रक्त पोचलं नाही तर गँगरीन होतं, म्हणजे मांस मरतं. मग पाय गुडघ्याखाली कापावा लागतो.”

बुलढाण्याच्या दवाखान्यात जखम धुऊन ह्यांच्या पायाला प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी मला एक काम दिलं. प्लास्टरबाहेर राहिलेल्या अंगठ्याचं नख दाबायचं; ते पांढरं पडतं. सोडलं की लाली लगेच परतली पाहिजे. नाही परतली तर सिस्टरना हाक मारायची, त्यांच्या राऊंडची वाट पाहायची नाही. नवऱ्याचा अंगठा इतका निरखून मी लग्नातही पाहिला नव्हता.

झालं ते असं. धामणगाव बढ्याला आमची संत्र्याची बाग. तिच्यासाठी एक ठेंगणा, जुना, हँडल मारून सुरू होणारा ट्रॅक्टर घेतलेला. ब्रेक नावापुरता. म्हणून ह्यांची शिस्त कडक होती. आधी चाकाला गोटा. गिअर न्यूट्रलला, म्हणजे मोकळा आहे ना, ते स्वतः दांडा हलवून बघायचं. सीटवर कुणी बसायचं नाही. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिन उलटा झटका देतं आणि आडवा अंगठा मनगटासकट जातो. आणि भिंतीकडे तोंड करून ट्रॅक्टर कधी उभा करायचा नाही, कारण हँडल मारणारा मधेच सापडतो.

दसऱ्याच्या पूजेला ही सगळी शिस्त मंडपाबाहेर राहिली. माझ्या थोरल्या दिरांनी तालुक्याचे एक पुढारी बोलावले होते, फोटोवालाही होता. शोभा दिसावी म्हणून ट्रॅक्टर घराच्या दगडी ओट्याकडे तोंड करून उभा केला. चाकाखाली लिंबू ठेवायचं, तर तिथं गोटा.

“दादा, गोटा राहू द्या. ब्रेक नाही लागत त्याले,” हे म्हणाले.

“मंग लिंबू काय खिशात ठेवू? लोकं पाहून राह्यले,” दीर म्हणाले.

ह्यांनी लोकांकडे एकदा पाहिलं आणि गोटा काढला. पाहुण्यांना फोटोसाठी सीटवर बसवलं. पुढाऱ्याच्या हाताला धरायला काहीतरी लागतं. माईक नव्हता, म्हणून त्यांनी गिअरचा दांडा धरला. तो कधी सरकला ते त्यांनाही कळलं नाही. ह्यांनी हँडल मारलं. इंजिन पेटलं, ट्रॅक्टर पुढे झेपावला, ह्यांचा पाय ओट्याला चेपून बंद पडला. लिंबू मात्र यथासांग चिरडलं गेलं.

पाहुण्यांच्या जीपमधूनच ह्यांना आणलं. बॉनेटवरचा हार घाट चढेपर्यंत कुणाला काढायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाली येत होती, पण दर वेळी जरा उशिरा; हाक मारण्याइतका उशीर आहे का, ते मला ठरवता येईना. पाऊल फुगलं होतं. हे कण्हत होते आणि मी कण्हणं ऐकलं नाही असं दाखवत होते. तेवढ्यात गावाकडची मंडळी आली आणि खाटेभोवती उभी राहिली. दिरांनी काळा गंडा आणला होता. प्लास्टरच्या कडेला, सुजलेल्या पावलावर तो आवळून बांधायचा होता.

भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बायकांनी तोंड उघडायची आमच्याकडे रीत नव्हती. आमचं बोलणं आजवर दाराआडूनच झालेलं. मी पदर सारखा केला आणि उठून पायाशी उभी राहिले.

“भाऊजी, तुमच्या शब्दापायी यायनं गोटा काढला. मी दोरा नाही बांधू देत.”

दिरांचा हात तिथंच थांबला. मी सवयीनं नख दाबलं आणि सोडलं. ते पांढरंच राहिलं.

मी सिस्टरना हाक मारली; नख बघून त्या डॉक्टरांकडे धावत गेल्या. डॉक्टरांनी प्लास्टर वरपासून खालपर्यंत उभं चिरून सैल केलं. “सूज आतल्या आत आवळत होती. आता वाट बघा. नाहीच उतरली तर टेबलावर घ्यावं लागेल,” ते म्हणाले. टेबलावर म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

मंडळी बाहेर गेली. दीर तेवढे दाराशी राहिले.

“दिसते का लाली?” ह्यांनी विचारलं.

“दिसली की सांगीन.”

“खोटं नको सांगू.”

मी दाबत होते, सोडत होते. एकदा वाटलं, आली. मग वाटलं, खिडकीतलं ऊन असेल. हातानं ऊन अडवलं. लाली होती.

“आली,” मी म्हणाले.

ह्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “ट्रॅक्टर न्यूट्रलले केला का कोणी?”

“मी केला,” दाराशी दीर म्हणाले. “गोटा बी लावला.”

पाय राहिला. थोडा आखूड झाला, हे लंगडतात. पण बागेत स्वतःच्या पायांनी फिरतात. त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. ज्यांच्याकडे असलं जुनं यंत्र असेल, त्यांनी पूजा खुशाल करावी. इंजिन मात्र मंडळी जेवून घरी गेल्यावर सुरू करावं. आणि प्लास्टर घातलेल्या माणसाची बोटं उघडी ठेवून बघत राहावं, मग भोवती कोणीही उभं असो.

यंदाच्या दसऱ्याला ट्रॅक्टर मोकळ्या वावराकडे तोंड करून उभा होता. सीट रिकामी होती. दिरांनी चाकाखालच्या गोट्याला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि तो होता तिथंच ठेवला. लिंबू त्यांनी माझ्या हातात दिलं. मी ते पोह्यांवर पिळलं.