आईचा पायगुण

नावन गावातल्या आमच्या नव्या घराची चावी हातात पडायला आठवडा उरला होता. ल्यूकनच्या भाड्याच्या घरात खोकी छताला टेकली होती, कुठल्या खोक्यात चमचे आहेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेली माझी आई, दिवसभर एकमेकांच्या पायात येत होतो.

आई खास या घरासाठी आली होती. बाबा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर विमानात बसायला तयार नव्हते, म्हणून ही एकटीच आली, तांब्याचा कलश घेऊन. बॅगेत चेपेल म्हणून तो तिने अख्खा प्रवास मांडीवर धरला होता. माझ्या बायकोने तिला फोनवर सांगितलं होतं, “आई, नव्या घरात पहिलं पाऊल तुमचं. कलश घेऊन आधी तुम्ही आत जायचं, मग आम्ही.” बायको नागपूरची आहे, एकदा बोलली की त्यावर चर्चा नसते. आईने त्याच संध्याकाळी लक्ष्मी रोडवर जाऊन हिरवी साडी घेतली. बाबांनी मला हे चोरून कळवलं, वर म्हणाले, दोन दुकानं पालथी घातली रे हिने.

पहिल्या पावलाचं आईला एवढं का वाटावं, ते सांगायला हवं. ती लग्न होऊन आली आणि अकराव्या दिवशी बाबांच्या पिंपरीतल्या कंपनीला टाळं लागलं. संप म्हणा, मालकांची आपसातली भांडणं म्हणा, कारणं काय वाट्टेल ती असतील. माझ्या थोरल्या आत्याने मात्र निकाल देऊन टाकला: नव्या सुनेचा पायगुण. तेव्हापासून घरात काहीही नवं आलं की आई मागे. स्कूटर आली तेव्हा आई गच्चीत. चिंचवडचा फ्लॅट घेतला तेव्हा आत्या आधी आत गेली आणि आई जिन्यात सगळ्यांच्या चपला सांभाळत उभी. तिला कुणी वाईटसाईट बोलत नसे. “तू जरा मागून ये हं,” एवढंच.

मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा रंगीत टीव्ही आला. त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती आणि अर्धी बिल्डिंग आमच्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसली होती. आत्या आईला म्हणाली, टीव्ही लागेपर्यंत तू स्वयंपाकघरातच थांब. मी उठून प्लग उपटला, तो हातात धरून भिंतीला पाठ लावली आणि म्हणालो, आई बाहेर येऊन बटण दाबेल, नाहीतर आज कुणी मॅच बघायची नाही. बाबांनी डोळे वटारले, शेजारचे काका लाडीगोडी लावायला लागले, पण मी हललो नाही. शेवटी आईने पदराला हात पुसत बाहेर येऊन बटण दाबलं. ही गोष्ट तिने पुढे तीस वर्षं सांगितली. व्याह्यांना सांगितली, दाताच्या डॉक्टरांना सांगितली, विमानात शेजारी बसलेल्या बाईलाही सांगितली म्हणे. सांगताना ती कमरेजवळ हात धरायची, “एवढासा होता.”

मला ती गोष्ट फार आवडायची, खोटं कशाला बोला. त्या प्लगच्या जोरावर मी स्वतःला जन्मभराचा पुरोगामी समजत होतो. इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी शुभ-अशुभाचं काही टाकलं की खाली माझं प्रवचन ठरलेलं. घराचा मुहूर्तसुद्धा मी बघू दिला नाही. सॉलिसिटर चावी देईल तोच मुहूर्त, असं मी सगळ्यांना ऐकवलं होतं.

तर, खोक्यांचा वीट आला म्हणून दोन दिवस कुठेतरी जाऊ असं ठरलं. वॉटरफोर्डच्या पुढे समुद्रकाठच्या एका गावात मला स्वस्तात हॉटेल मिळालं. स्वस्त का, ते तिथे पोचल्यावर कळलं. हॉटेलच्या पोटातच एक छोटा कॅसिनो होता. सिनेमात दिसतो तसा झगमगाट वगैरे काही नाही. बसक्या छताची एक लांबट खोली, ठिकठिकाणी विटलेला लाल गालिचा, भिंतीकडेने मशिनं, आणि त्यांच्यासमोर भर दुपारी कार्डिगन घालून बसलेली पाचसहा म्हातारी माणसं. प्रत्येक खोलीमागे दहा युरोंचा खेळ फुकट, असं कूपन रिसेप्शनवरच्या बाईने चावीबरोबर दिलं. फुकट ते पौष्टिक, हे तर आमचं घोषवाक्य.

दुसऱ्या दिवशी पावसाने समुद्रावर जायची सोय ठेवली नाही. बायको मुलीला घेऊन हॉटेलच्या तरणतलावावर गेली. मी कूपन खिशात घालून निघालो, तर आई म्हणाली, “मीही येते. बघू तरी, काय असतं.” तिथे आत जायचं तर सभासद व्हावं लागतं. आईने पासपोर्ट दाखवला, फॉर्मवर मराठीत सही केली. काउंटरवरच्या मुलीने सहीचं कौतुक केलं आणि आईचा फोटो काढून प्लास्टिकचं कार्ड हातात दिलं. आईला भलतीच मजा वाटली. “पुण्यात दाखवते,” म्हणाली, “म्हणावं, म्हातारी जुगारी झाली.” ते कार्ड तिने पर्समध्ये देवीच्या फोटोमागे ठेवलं.

मग ती बाहेर लॉबीत चहा प्यायला गेली आणि मी रूलेटच्या मशिनवर बसलो. काचेच्या घुमटाखाली एक चक्र फिरतं, त्यात पांढरी गोळी उड्या मारते, आणि आपण समोरच्या स्क्रीनवर आकडे दाबायचे. फुकटचे दहा युरो बघता बघता पन्नास झाले. पन्नास युरो म्हणजे काही घबाड नव्हे, पण कानशिलं गरम व्हायला तेवढे पुरतात. पुढच्या आठवड्यापासून पंचवीस वर्षांचे हप्ते सुरू होणार होते. त्या गोळीच्या उड्यांमध्ये मला कुठेतरी असं वाटायला लागलं की आता आपले दिवस आले.

तेवढ्यात आई चहा संपवून आली, माझ्या खुर्चीमागे उभी राहिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बघायला लागली. पहिला डाव गेला. दुसरा गेला. “हे काळं काय नि लाल काय रे?” असं तिने विचारलं, मी पुढचा आकडा दाबला. तिसरा गेला, चौथा गेला. पाचवा गेला तेव्हा मी स्क्रीनवरची नजर न काढता, हसत, अगदी सहज म्हणालो, “आई, तुझा पायगुण काही खरा नाही हं आज. जरा तिकडे जाऊन बस ना.”

जिभेला हाड नसतं म्हणतात. पण जिभेवर दोष कशाला ढकलू? तो शब्द माझ्या आतच कुठेतरी बसलेला होता, तीस वर्षं, प्लगच्या मागे. खांद्यावरचा हात निघाला. “बरं,” आई म्हणाली. मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

आणि पुढच्याच डावात मुलीच्या वाढदिवसाची तारीख म्हणून मी सतरावर पाच युरो लावले, आणि गोळी सतरावर बसली.

इथपर्यंत सांगताना मी कसाबसा टिकतो. पुढचं सांगायची लाज वाटते. मी उठून आईला शोधत पळालो, आनंदाची बातमी सांगायला. लॉबीत ती नव्हती. रिसेप्शनवरच्या बाईने बाहेर बोट दाखवलं आणि म्हणाली, मी दोनदा आत बोलावलं, पण त्या येतच नाहीत. दाराबाहेर सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक पत्र्याचा आडोसा होता. तिथल्या बाकावर आई स्वेटरच्या बाह्यांत हात खुपसून बसली होती. वारा पाऊस आत आणत होता आणि तिची सलवार गुडघ्यापर्यंत भिजली होती.

“आई, सतरा आला! एकदम पावणेदोनशे युरो!” मी ओरडलो.

तिचं तोंड उजळलं. खरंच उजळलं. “आला ना?” ती म्हणाली. “लॉबीतून ती खोली दिसते रे. म्हटलं नजर तरी कशाला पडायला हवी, म्हणून इथे येऊन बसले. बघ, लगेच आला.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी काहीबाही बोललो. अगं गंमत केली, अगं ते सगळं मशिनवर चालतं, त्यात कुणाच्या असण्या-नसण्याचा काय संबंध. तिने मान डोलावली. “कळतंय रे मला. मी काय अडाणी आहे का?” आणि माझ्या बाहीवरचं पाणी झटकायला लागली. हरलो असं खोटं सांगितलं असतं तर निदान तेवढ्यापुरतं तरी सुटलो असतो. पण खोटं सुचायलाही मन जाग्यावर असावं लागतं, आणि माझं सतरावर होतं.

निघताना तिने खोलीच्या चावीबरोबर ते सभासदाचं कार्डही रिसेप्शनवर परत केलं. तिथल्या बाईने सांगितलं की ते तुम्हालाच ठेवायचं आहे. आई तिच्याकडे बघून हसली, पण कार्ड तिने घेतलं नाही. बायकोने गाडीत विचारलं, “आई एवढ्या गप्प का?” मी म्हणालो, सर्दी झाली असेल.

शुक्रवारी चावी मिळाली. आम्ही नावनला पोचलो तेव्हाही पाऊस. आई गाडीतून उतरली तर अंगावर नेहमीची जांभळी साडी. हिरवी बॅगेत घडी घालून तशीच होती, हे मला नंतर कळलं. तिने कलश बायकोच्या हातात दिला आणि फाटकाशी थांबली. “माझा गुडघा धरलाय. तुम्ही व्हा पुढे, दूध उतू गेलं की मला हाक मारा.”

“असं कसं, आई? ठरलंय आपलं,” बायको म्हणाली. आई ऐकेना. मग मला बोलावंच लागलं. बायकोच्या समोर, ओल्या फरशीवर उभं राहून मी सगळं सांगितलं, कॅसिनो, गोळी, मी काय बोललो ते. “आई, मी गाढवासारखं बोललो. तू आत चल.” बायको माझ्याकडे बघतच राहिली. “तू बोललास हे? आईंना?”

आई चिडली असती तर बरं झालं असतं. ती मला लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, “अरे, पंचवीस वर्षांचं कर्ज आहे तुझ्या डोक्यावर. नोकरी परक्या देशातली. कशाला परीक्षा बघायची? मी उठले आणि तुला आलं, हे आपण दोघांनी डोळ्यांनी बघितलंय ना?” मी तिचा दंड धरला. “ओढू नकोस, पडेन मी,” ती म्हणाली, आणि दंड सोडवून घेतला. अकराव्या वर्षी प्लग उपटून अख्ख्या बिल्डिंगला अडवणारा मी, त्रेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या घराची चावी हातात घेऊन नुसता उभा राहिलो. मुलीला आमचं काहीच कळत नव्हतं. “आजी, कम ऑन, इट्स लॅशिंग!” म्हणजे धो धो कोसळतोय, असं ओरडत तीच दारातून आत पळाली, वरची मोठी खोली पटकवायला.

दूध उतू गेलं. तोवर आई छत्री धरून फाटकाशी उभी होती. हाक मारल्यावर आली, दारात पाय स्वच्छ पुसले आणि आत आल्या आल्या शेगडीवरचं दूध पुसायला फडकं मागितलं. बायको दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आई पुण्याला परत गेली. दर रविवारी तिचा फोन येतो आणि घर लाभलं ना, असं ती विचारते. मुलीला जवळच्या शाळेत लगेच प्रवेश मिळाला, ते मी हौसेने सांगितलं. आई म्हणाली, “बघ, मी मागून आले ते बरं झालं की नाही?” आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो आनंदाने खाल्ला असता. लेकाचं भलं आपल्या हातून झालं, असं निव्वळ समाधान होतं. नंतर एकदा छत गळायला लागलं तेव्हा तेही सांगून बघितलं, उलटा पुरावा म्हणून. त्यावर ती घाबरली आणि म्हणाली, दारातून आत येताना डावा पाय आधी पडला होता का रे माझा?

गेल्या महिन्यात मला बढती मिळाली. ऑफिसात केक कापला, बायकोने मुलीला सांगितलं, मुलीने शाळेत सांगितलं. तेव्हापासून चार रविवार गेले. आईला मी अजून सांगितलेलं नाही.