चाकण ते पिंपरी, तोंडाला स्कार्फ बांधून

चाकणहून पिंपरीची बस सकाळी नऊला सुटली आणि मला एकटीलाच हसू यायला लागलं. तुम्हा हिंगोलीच्या दवाखान्यातल्यांना ठाऊकच आहे, एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी मी दर महिन्याला तिकडे यायचे. दोन दिवसांचा खाडा (बिनपगारी गैरहजेरी) पडायचा. आता तेच काम तासाभराच्या वाटेवर होणार होतं, कागद जुळले तर. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळं कागद म्हटलं की धाकधूक. हिंगोलीच्या दवाखान्यानं दिलेली बदलीची चिठ्ठी मोशी येईपर्यंत चारदा चाचपली.

भोसरीला ट्रक, टेम्पो, धूळ. इथल्या बाया डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधतात, म्हणून मीही बांधला. दवाखान्यात बघते तर बाकावरच्या साऱ्या जणी तशाच. तिथं धूळ मात्र नव्हती.

शेजारची बाई पिंपळे सौदागरची. तिनं डब्यातले पोहे पुढं केले. स्कार्फ हनुवटीवरून थोडा उचलायचा आणि घास आत सरकवायचा. लिंबाची फोड माझ्या स्कार्फातच हरवली. ती शोधताना आम्ही इतक्या हसलो की नर्सबाई म्हणाल्या, "हितं काय हळदीकुंकू हाय का?"

माझा नंबर आला. मी घाईनं उठले, तशी त्या बाईनं दोन बोटं हवेत फिरवून मूठ मिटली. मी जागीच थांबले. आमच्या कंपनीत प्रेस मशीनच्या धडधडाटात कानात बोळे असतात, बोलणं खुणांनीच. ही खूण म्हणजे, 'थांब, काहीतरी राहिलंय.' चिठ्ठी बाकावरच राहिली होती. पण ही खूण आमच्या लाइनच्या बाहेर कुणाला ठाऊक?

तिचा स्कार्फ खाली आला. शीतलताई. आमच्या लाइन लीडर (वीस बायांच्या कामावर देखरेख करणाऱ्या). मीही तोंड उघडं केलं.

"अगं, तू?"

"ताई, लिंबू सापडलं," मी म्हणाले.

आतल्या मॅडमनी हिंगोलीला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. "आता इथंच यायचं," त्या म्हणाल्या आणि तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. मी त्यांच्या पायाच पडणार होते.

बाहेर आल्यावर विचारलं, "ताई, तुमचा आज खाडा?"

"मी पर्मनंट. मेडिकल रजा, पगार चालू." मग त्या थबकल्या. "तू दर महिन्याला दोन दिवस जायचीस, ते यासाठी?"

"हो."

"मला वाटलं गावाला मजा मारतेस. हिला एक तारखेपासून काढा, असं मीच ठेकेदाराला सांगितलंय."

शीतलताईंनी हेल्मेट चढवलं. त्यांचं घर एकीकडं राहिलं, स्कूटर वळली चाकणकडं. "बस मागं. तीनची शिफ्ट ना तुझी?"

पुणे-नाशिक रोडवर मी त्यांचा खांदा घट्ट धरला. "काय सांगणार त्याला?"

"माणूस ओळखायला चुकले म्हणून सांगते. बाकी आपलं आपल्यापाशी."

दहा मिनिटांनी त्या ठेकेदाराच्या ऑफिसातून बाहेर आल्या. "ठेवतोय तुला. फक्त म्हणाला, खाडे नकोत."

दोघींना एकच आजार, गोळीही एकच. त्यांची ती रजा, माझा तो खाडा. हे मला गेटवर उभी असताना नीट कळलं, आणि तरी आनंद मावत नव्हता. तुमच्यापैकी कुणी इकडं कामाला आलं, तर निघतानाच बदलीची चिठ्ठी मागून घ्या. लाजू नका. लोक प्रवासाहून आले की पुढची सहल ठरवतात. मला तीन महिने कुठंच जायचं नाही.