राणीला कोंडणारी

आमच्या गल्लीत तिला सगळे माशीवाली म्हणतात. गच्चीवर तिच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. यंदा ऐन उन्हाळ्यात माश्यांच्या अंगाला गोचिडीसारखे तांबूस किडे चिकटले. हे किडे पोळ्याच्या बंद घरांत, माश्यांच्या पिल्लांवर वाढतात. असंच चाललं असतं, तर पेट्या ओस पडल्या असत्या.

तिच्यासारख्याच माश्या पाळणारा धाकटा दीर औषधाची बाटली घेऊन आला. "वहिनी, याची वाफ सोडा, काम फत्ते."

"या उन्हात ती वाफ राणीलाच मारेल, भाऊजी. गेल्या उन्हाळ्यात तुमच्या अर्ध्या राण्या अशाच गेल्या."

तिने प्रत्येक पेटीतली राणी चिमटीत धरून जाळीच्या पिंजऱ्यात कोंडली. माश्या जाळीतून तिला भरवत राहिल्या, पण नवी अंडी थांबली.

"राणीला तुरुंग? प्रजा बंड करेल," दीर हसला.

"बंडाची मला सवय आहे. तुमच्या घरात नांदलेय मी."

शेवटचं पिल्लू बाहेर पडेपर्यंत ती थांबली. माश्या कमी झाल्या, लोकांनी नावं ठेवली. फुकटचा सल्ला द्यायला माणसं पुष्कळ, पेटीत हात घालायला कुणी नाही. तिने कुणालाच भीक घातली नाही.

आता किड्यांना लपायला एकही बंद घर उरलं नव्हतं. तिने माश्यांवर पिठीसाखर भुरभुरली. माश्या अंग झाडू लागल्या, तसे किडे सुटून पेटीच्या तळाच्या जाळीतून खाली अंथरलेल्या पांढऱ्या कागदावर पडत गेले.

दीर तो तांबडा झालेला कागद बराच वेळ बघत राहिला. "माझ्या राण्या कोण धरणार?"

"तुम्हीच. मी शिकवते," म्हणत तिने पहिला पिंजरा उघडला आणि राणीला पोळ्यावर सोडलं.