काकूच्या विहिरीवरचं रान

बदलापूरच्या पुढे डोंगरउतारावर आमच्या घराण्याची सामाईक जमीन आहे. साग, ऐन, किंजळ, मधूनच जांभळी, सगळं दाटीवाटीनं वाढलेलं. खाली काकूचं घर आणि तिची विहीर. काका गेल्यापासून ती एकटीच राहते. विहीर दर वर्षी जरा लवकर तळ गाठू लागली, तेव्हा तिच्या मुलानं सांगून टाकलं, "पुढच्या मेमध्ये पाणी आटलं, तर मुकाट्यानं माझ्याकडे मांजर्लीच्या फ्लॅटवर यायचं." काकूला फ्लॅट म्हणजे शिक्षाच.

मी अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी करणारा, पण रानातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत. झाडांची दाटी कमी झाली की ती पाणीही कमी ओढतील आणि विहिरीला जास्त झिरपेल, असा माझा हिशेब. रीतसर परवानगी काढून थंडीत दर रविवारी विरळणी करून घेतली. एकमेकांना खेटलेली, किडकी झाडं गेरूची खूण करून तोडली. ओहोळाच्या काठचं एकही झाड काकूनं तोडू दिलं नाही. ओंडकेही उतारावरून फरफटत न नेता खांद्यावरून उतरवायला लावले. मजूर कुरकुरले, मीही.

शेवटच्या रविवारी मला उत्साह आला. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी फांद्या-पाचोळा पसरून जमीन भाजतात, तो राब. काकूच्या राबासाठी म्हणून मी सगळ्या फांद्या उचलल्या, पाचोळा खराट्यानं झाडला आणि तिच्या शेतात आणून टाकला. उतार अंगणासारखा लख्ख झाला. शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

काकू वर गेली, खाली आली आणि भडकली. "अरं, माती उघडी टाकलीस! पावसात ती जाईल कुठं? माझ्या विहिरीतच येल ना! आनि वर पानी मुरंल कशात?"

माझा चेहराच पडला. जे घर राखायला ही उठाठेव केली, तेच मी तिच्याकडून काढून घ्यायला निघालो होतो.

पुढचे चार रविवार आम्ही दोघांनी तो पाचोळा टोपल्यांनी परत वर नेला, पसरला, फांद्या उताराला आडव्या रचल्या. राबाला त्या वर्षी तिनं शेण आणि पेंढा वापरला. सत्तरी ओलांडलेली बाई पुढे आणि मी धापा टाकत मागे. मी टेकलो की खोचकपणे विचारी, "कारखान्यात खुर्ची देतात वाटतं?"

पावसाळा गेला, मे आला. तिचा मुलगा तिला न्यायला गाडी घेऊन आला. मीही जीव मुठीत धरून गेलो होतो. तो थेट विहिरीवर गेला, वाकून बघत राहिला. पुरुषभर पाणी होतं.

"दादा, मानलं तुला," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "मला वाटलेलं, तू सगळं रान साफ करून टाकशील."

काकू पाणी शेंदत होती. "लय राबला तो माझ्यासाठी," एवढंच म्हणाली.

माझी चूक तिनं पोटच्या मुलालाही कळू दिली नव्हती. इतकी कृतज्ञता मला कधीच कुणाबद्दल वाटली नव्हती. मी तिच्या हातातला दोर घेतला आणि पाणी शेंदू लागलो.